अर्धा नमस्कार

या, असे जवळ सरकून बसा. मागं खांबाला टेकलेले, तुम्हीसुद्धा या. कीर्तनात खांबाजवळच्या माणसाचा डोळा लागतो, आणि ही हकीकत डोळा लागून ऐकायची नाही. नऊ फटफट्यांची गोष्ट सांगतो. साल अठ्ठ्याहत्तर, दसऱ्यापासूनचा आठवा दिवस. नववी गाडी माझी होती, आणि तिच्यावर माझ्या मागं जो बसला होता, त्याच्यासाठी हे सांगणं आहे.

आधी वीणेचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सप्ताह बसला की वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पायावर डोकं टेकवतो, घेणारा देणाऱ्याच्या. दोघं वाकले की वीणा रीतीनं पोचली. तसं न करता घेतली, तर ती हातात असूनसुद्धा पडली असंच धरतात. आमच्याकडं तर सात गावांची साखळी होती. दसऱ्याला सप्ताह आमच्या पिंपळटाकळीला बसायचा, काला झाला की तीच वीणा तशीच उभ्यानं बोरखडीला जायची, तिथून पुढच्या गावाला. सात गावं, सात सप्ताह आणि वीणा एक. पूर्वी ती बैलगाडीतून जायची. त्या साली पोरांनी ठरवलं, गाड्यांवरून न्यायची. कापसानं बरा हात दिला होता, गावात नव्या राजदूत आल्या होत्या, येझदी होत्या आणि माणिकरावांची बुलेट होती. माझी राजदूत सगळ्यांत जुनी. दहा कोसांचा रस्ता.

आता पंडित. हा आमच्या गावच्या बौद्धवाड्यातला, पंचेचाळिशीचा, अंगानं वाळका. छप्पन साली त्याच्या लोकांनी देव सोडले, याचा टाळ काही सुटला नाही. वस्तीतली पोरं त्याला हसायची. गाव त्याला मांडवात येऊ द्यायचा. का, तेही सांगतो. दुपारी पंगत बसली की वीणेवर उभं राहायला कुणी तयार नसायचं, भूक लागलेली असायची. तो पहारा पंडितला दिलेला. म्हणजे पंगतही सुखानं जेवायची आणि पंडित पंगतीत का नाही, हे कुणाला सांगावं लागायचं नाही. एकोणीस वर्षं असं चाललं. मला मात्र त्याचा तो पहारा आवडायचा. बाकीचे वीणेची तार नुसती छेडत उभे राहायचे. हा एकटा असला तरी नाम असं घ्यायचा, की जेवताना माझा घास हातात राहून जायचा.

त्या साली आषाढ सरता सरता विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला. आमच्या गावात बौद्धवाड्यातली अकरा घरं जळाली. कुणी जाळली, ते गावातल्या लेकराला माहीत होतं. मी त्या दिवशी दार लावून घरात बसलो होतो. माझी बाजू म्हणाल तर एवढीच. त्यानंतर गावानं ठरवलं, वस्तीशी काम नाही, दळण नाही, बोलणं नाही. जो बोलेल तो त्यांच्यातला. हे ठरवणारे मुख्य म्हणजे माणिकराव. त्यांच्या चुलतभावाशी माझ्या बहिणीची सोयरीक झाली होती, दिवाळीनंतर लग्न होतं. हे ध्यानात ठेवा. मी त्या दिवशी जे केलं आणि जे केलं नाही, ते यापायी.

काल्याच्या दिवशी दुपारी पंगत बसली. वीणा तात्यारावांकडं होती. ऐंशीचं वय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पाय लटपटायला लागले होते. घ्यायला कुणी येईना. पंडित मांडवाच्या कडेला येऊन उभा होता, पाहवेना म्हणून पुढं झाला. तात्यारावांनी एकोणीस वर्षांच्या सवयीनं वीणा काढली, त्याच्या पायावर डोकं टेकवलं आणि गळ्यात घातली. पंडितनंही त्यांचे पाय धरले. म्हाताऱ्याला लगेच घेरी आली, त्यांना घरी नेऊन निजवलं. पंगत उठली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

"ह्याच्या गळ्यात कुणी घातली?" माणिकरावांनी हात धुता धुता विचारलं.

"तात्यारावांनी. त्यांना दिसत न्हाई."

"डोळे गेले, नाक तर हाय की जाग्यावर," येझदीवाला किशनराव म्हणाला. पोरं हसली.

"काढून घ्या."

कुणी हललं नाही.

"चंद्रभान, घे."

"मला उपास हाय," चंद्रभान म्हणाला. त्याच्या मिशीला अजून आमटी लागलेली होती.

"उपासाला वीणा चालत न्हाई व्हय? वरच्या वर काढ की."

"तसं कसं काढता येईल? वाकावं लागतंय. न्हाई वाकलं तर पिंपळटाकळीत वीणा पडली म्हणतील. साती गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

पंडित तार छेडत उभा होता. तो हळूच म्हणाला, "कुणीबी घ्या, मालक. मला रीतीनं देऊन घरी जायचंय. मी काय धरून बसायला आलो न्हाई."

"तुला इचारलंय का कुणी?"

मग माणिकरावांच्या डोक्यात आलं. ते हसले. "ऱ्हाऊ द्या त्याच्याच गळ्यात. बोरखडीचे घेतील. त्यांना काय ठावं हाय हा कोण. ते वाकतील, आपून बघू."

हा सल्ला सगळ्यांना फार पसंत पडला. पंडितला कुणाच्या गाडीवर बसवायचं, हा प्रश्न उरला. वीणेकऱ्यानं बसावं का, यावरही एक म्हातारा बोलला, पण गाडी चालते म्हणजे पाय चालतात, असं म्हणून त्याला गप्प केलं. माणिकरावांनी माझ्याकडं बोट केलं. "बन्सीधरच्या. त्याची गाडी न्हाईतरी मागंच ऱ्हाती."

मी गाडीला किक मारली. पंडित मागं बसला. त्यानं मला धरलं नाही.

सेलूचा रस्ता सोडून आम्ही पाथरीच्या अंगाला वळलो. ऊन लख्ख होतं, आश्विनातलं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटून पांढरा झालेला, वेचणीच्या बाया डोक्यावर फडकी बांधून ओळीत. ज्वारी नुकती वीतभर वर आलेली. त्या वाटेनं पूर्वी बैलगाडीतून जाताना भजन व्हायचं, चाकाच्या तालावर टाळ चालायचे, मी लहानपणी ते ऐकत गेलोय. त्या दिवशी आठ गाड्यांचा आवाज आणि आठ गाड्यांची धूळ. ती सगळी नवव्या गाडीवर येत होती. पंडितनं वीणेच्या भोपळ्यावर उपरणं टाकलं. स्वतःचं तोंड तसंच ठेवलं.

किशनरावनं येझदी हळू केली आणि आमच्या शेजारून चालवायला लागला. त्याच्या मागं बसलेलं पोरगं ओरडलं, "ए पंडित, ह्या गाडीला काय नाव द्यावं सांग की. तुमाला नावं बदलायची लय हौस."

"द्या काईबी," पंडित म्हणाला. "चालंल ती पेट्रोलवरच."

त्याचं हे बोलणं किशनरावला झोंबलं. त्यानं पाय लांब करून माझ्या गाडीला मागून रेटा दिला. गाडी चाकोरीतून निसटली, पुढचं चाक वळलं, मी कशीबशी सावरली. मागून पंडितचं डोकं माझ्या पाठीवर आदळलं.

"धर की मला," मी ओरडलो.

"दोनी हात वीणेला हायेत, मालक. तुमी नीट हाका."

नीट हाकणं माझ्या हातात होतं, आणि तेवढं मी केलं. किशनरावला काही बोललो नाही.

पुढं एका गावाच्या शिवेवर रस्त्यालगत वस्ती होती. घरांचे जळके खांब अजून तसेच उभे होते, वर कापसाच्या पऱ्हाट्यांचं नवं छप्पर. नऊ फटफट्यांचा आवाज ऐकून माणसं बाहेर आली, आणि हातात धोंडे घेऊनच आली. श्रावणात त्यांच्याकडं अशाच गाड्या आल्या असणार. पुढच्या आठ गाड्या हॉर्न वाजवत निघून गेल्या. माझी जुनी गाडी चढाला दमली, बंद पडली. एक उंच बाई पुढं आली. तिनं पंडितकडं पाहिलं, मग वीणेकडं.

"तू आमच्यातला दिसतूस."

"व्हय, आक्का."

"तुला धरून न्यायलेत?"

"न्हाई. वीणा न्यायलेत. मी तिच्यासंगं."

"घरं जाळली त्यांची वीणा तू गळ्यात घालतूस? शरम न्हाई तुला?" तिचा हात धोंड्यावर घट्ट झाला होता, पण तिनं तो मारला नाही. माझ्याकडं तर ती बघतही नव्हती. "उतर. ठिव ती खाली. आमी ठिवून घेतो तुला, सांजच्याला सोडू घरापत्तुर."

"खाली ठिवता येत न्हाई."

"कामून?"

"कुणीतरी घ्यावं लागतंय. घेणारानं वाकावं, देणारानं वाकावं. तवर माझी सुटका न्हाई."

"कोण वाकतंय तुला?" बाई म्हणाली. ती थुंकली आणि बाजूला झाली. गाडी एकदाची सुरू झाली.

कालव्याच्या पुलापाशी सगळे थांबले होते. पाणी प्यायले, तोंडं धुतली. चंद्रभानला वर्दी द्यायला पुढं पाठवलं, म्हणजे बोरखडीचे टाळ-मृदंग घेऊन शिवेवर येतील. पंडित उन्हात उभा होता, कारण गाडी थांबली की वीणेकऱ्यानं उभं राहायचं. ओठ पांढरे पडले होते. मी माझ्या गडव्यात पाणी आणलं. सगळे बघत होते. मी गडवा उंच धरला, वरून ओतायला, जसं त्यांना ओततात तसं. हात माझा आपोआप वर गेला होता.

"ओंजळ कशी करू, मालक?" पंडित म्हणाला. "हात मोकळे न्हाईत."

गडवा त्याच्या तोंडाला लावायचा होता. अर्धा हात खाली आणायचा होता. नाहीतर वाकून वीणा माझ्याच गळ्यात घ्यायची होती, म्हणजे तो मोकळा झाला असता, माणसासारखा बसून पाणी प्यायला असता. मी माणिकरावांकडं पाहिलं. ते बुलेटवर रेलून माझ्याकडंच बघत होते. म्हणाले, "काय पावनं, लग्न लावायचंय न्हवं दिवाळीला?"

मी पाणी धुळीत ओतलं.

बोरखडीच्या शिवेवर पताका लावलेल्या होत्या. पाचपन्नास टाळकरी, दोन मृदंग, पोरींच्या डोक्यावर कलश. चंद्रभान एका बाजूला उभा होता आणि त्याचा चेहरा विचित्र झाला होता. काय झालं होतं ते नंतर कळलं. त्यानं वर्दी दिली होती, "वीणा पंडितच्या गळ्यात हाय." बोरखडीच्या लोकांनी ऐकलं, कुणी पंडित येतायत. काशीचे की पैठणचे, एवढंच विचारायचं राहिलं. चंद्रभानला चूक कळली होती, पण दुरुस्त करायची तर पंडित कोण हे सांगावं लागलं असतं. तो गप्प बसला.

मधोमध पाट मांडला होता, भोवती रांगोळी. बोरखडीच्या सप्ताहाचे व्यंकटराव, साठीचे गृहस्थ, हात जोडून पुढं आले. "या पंडितजी, भाग्य आमचं," म्हणाले. धुळीनं माखलेला पंडित गोंधळून पाटावर उभा राहिला. मृदंगावर थाप पडली. व्यंकटरावांच्या घरच्या पार्वतीबाई तांब्या-तबक घेऊन पाय धुवायला खाली बसल्या.

माणिकराव तोंडावर रुमाल धरून हसत होते. किशनरावनं मला कोपर मारलं.

आता बघा, पंडितला काय करायचं होतं? काहीच नाही. पाय पुढं करायचा, व्यंकटराव वाकले असते, हा वाकला असता, वीणा रीतीनं पोचली असती. एकोणीस वर्षांत त्याला कुणी एवढा मान दिला नव्हता, आणि त्याला मोकळं व्हायचं होतंच. पहिली धार पायावर पडायच्या आत त्यानं पाय मागं घेतला.

"माय, थांबा," तो म्हणाला. "मी पंडित न्हाई. पंडित हे माझं नाव हाय."

मृदंग थांबला.

"म्हंजे?" व्यंकटरावांनी विचारलं.

"पिंपळटाकळीच्या बौद्धवाड्यातला मी. तात्यारावांनी वीणा दिली, घेणारा कुणी निघाला न्हाई, म्हून घेऊन आलो. तुमाला ठावं असून घ्यायची तर घ्या. न कळता कुणाला वाकवलं तर ते नाम घेतल्यासारखं होईल का?"

पार्वतीबाई तशाच बसून राहिल्या, तांब्या तिरपा. गर्दी दोन पावलं मागं सरली. व्यंकटराव पंडितवर रागावले नाहीत, ते आमच्याकडं वळले.

"माणिकराव, हे तुमी आमाला सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं न्हाई."

"आमाला वाकवायचं न् तुमी हसायचं, असा बेत व्हता व्हय?"

माणिकरावांनी रुमाल खिशात घातला. व्यंकटरावांनी एकेकाकडं पाहिलं. "तुमी सतराजण हायेत. तुमच्या गावचा माणूस हाय. तुमच्यातल्या एकानं घ्यावी, त्याच्याकडून आमी घेऊ. लय सोपं हाय."

सतराजण आपापल्या गाड्यांकडं बघायला लागले. चंद्रभान साखळी तपासू लागला. पंडित मात्र आमच्याकडं बघत होता, आणि सगळ्यांवरून फिरून त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. त्यानं काही मागितलं नाही. गळ्यातली दोरी थोडी सैल केली, एवढंच. मी त्याच्यापासून चार पावलांवर होतो. बापहो, मी हजार कीर्तनं ऐकली असतील, टाळ धरून उभा राहिलो असेन, माझे डोळे भरून आले असतील. त्या चार पावलांना ते काही कामाला आलं नाही. माझी मान खाली गेली.

तेव्हा माणिकराव चिडून पुढं झाले. "हे नाटक पुरं," म्हणाले. एका हातानं दोरी धरली आणि वीणा पंडितच्या डोक्यावरून ओढून काढली. खुंटी त्याच्या कानाला लागली, रक्त आलं. वीणा माणिकरावांनी गळ्यात घातली आणि ताठ उभे राहिले.

पंडित पाटावरून उतरला. खाली वाकला. माणिकरावांच्या धुळीच्या बुटांवर त्यानं कपाळ टेकवलं, पुरतं टेकवलं, घाई केली नाही. मग उठून उभा राहिला. हात जोडून उभा राहिला. आपलं अर्धं त्यानं केलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याची तो वाट बघत होता.

माणिकरावांची मान लाल झाली. ते वाकले नाहीत.

पुष्कळ वेळानं पंडितनं हात सोडले आणि गर्दीतून वाट काढत आल्या रस्त्यानं निघाला. पार्वतीबाई उठून त्याच्यामागं गेल्या. "बाबा, पाणी," म्हणाल्या, आणि तांब्या त्याच्या हातात दिला. तो रस्त्याच्या कडेला बसला आणि तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्यायला. व्यंकटरावांनी बायकोला हाक मारली नाही, थांबवलंही नाही.

बोरखडीनं त्या दिवशी वीणा घेतली नाही. "तुमच्या हातनं पडलेली वीणा तुमीच घेऊन जा," म्हणाले. त्यांनी देवळातली दुसरी काढली. सात गावांची साखळी तिथं तुटली, ती आजतागायत जोडलेली नाही. आमच्या गावानं त्याचा दोष पंडितला दिला.

दिवस कलता कलता आम्ही परत निघालो. कालव्याच्या पुढं पंडित चालताना दिसला, एकटा, कानाला उपरणं बांधलेलं. पुढच्या आठ गाड्या त्याला धूळ देऊन गेल्या. माझी मागची जागा रिकामी होती. मी गाडी हळू केली. त्यानं आवाज ऐकला, मागं न बघता बाभळीच्या काट्यांत एक पाऊल बाजूला झाला, गाडीला वाट द्यायला. मी त्या वाटेनं निघून गेलो.

बहिणीचं लग्न ठरल्या दिवशी झालं. पुढच्या साली दसऱ्याला सप्ताह बसला, तेव्हा पंगतीच्या वेळी वीणेवर कोण उभं राहणार, यावरून गावात भांडण झालं. पंडित आला नव्हता. तो पुन्हा कधीच मांडवात आला नाही. वस्तीत त्याच्या घरावरून गेलं की आतून नाम ऐकू यायचं, हळू, बिनतारेचं. मी दारात जाऊन उभा राहायचं दोनदा ठरवलं. एकोणनव्वद साली तो गेला. तो जे रीतीनं देऊ पाहत होता, ते घ्यायला तो जिवंत असेपर्यंत मी गेलो नाही.

तुमच्यातल्या कुणाच्या गळ्यात आज-उद्या वीणा येईल. देणाऱ्याच्या पायाशी वाकाल, तेव्हा पुरतं वाका, आणि कपाळ टेकलेलं असताना एकदा पिंपळटाकळीच्या पंडितची आठवण काढा. माझी नका काढू. त्याची काढा.